शिकारीच्या सरावासाठी तांदूळ घेऊन उबीनला

शनिवार, २० ऑगस्ट २०१६. सकाळी सिंगापुरातल्या सेरंगूनहून १०९ नंबरच्या बसने चांगी व्हिलेज, तिथून होडीने पुलाऊ उबीन बेट. सोबत शिरीष आणि अनघा. पाठीवर पंधरा किलो तांदूळ आणि एक घडीची खुर्ची. दिवसभर ऊन. संध्याकाळी परत. थालीपिठं गेली, तांदूळ बहुतेक सगळा परत आला.

एवढ्यावर भागलं असतं. पण उबीनला कसं जायचं, तिथे काय खायचं, हे विचारणारे बरेच असतात. पाठीवर तांदूळ कशाला, हेही पुढे कोणीतरी विचारेलच. म्हणून सविस्तर लिहितो.

माझा मोठा भाऊ, दादा, अमेरिकेत विस्कॉन्सिनला होता. जानेवारीत गेला, घरीच, झोपेत. त्याला तिकडे शिकारीचा नाद लागला होता. पद्धत अशी की घडीचं मचाण, झाडाला आवळायच्या पायऱ्या आणि दोर असं सगळं पाठीवर बांधून पहाटे जंगलात जायचं. पायऱ्या लावत वीस फूट वर चढायचं, मचाण अडकवायचं आणि हरीण येईपर्यंत हूं की चूं न करता बसायचं. संध्याकाळी सगळं उतरवून परत. मिरजेला आईला आम्ही ‘दादा पक्षी मोजायला जातो’ असं सांगून ठेवलं होतं. आईचं म्हणणं, एवढं शिकून पक्षी मोजायचे तर मिरजेत काय कमी होते.

मला यात एकच गोष्ट कळत नव्हती. दादा अखंड बोलणारा माणूस. केस कापून झाल्यावरही न्हाव्याकडे तासभर बसायचा. रविवारी फोन करायचा तेव्हा तो बोलायचा आणि मी हं म्हणायचो. मी लग्न केलं नाही, तो विषयही घरात त्यानेच बोलून बोलून संपवला, मला तोंड उघडावं लागलं नाही. असा माणूस दिवसभर झाडावर गप्प कसा बसायचा? तो असताना विचारायचं सुचलं नाही.

वहिनीने कळवलं की मचाण गॅरेजमध्ये पडून आहे आणि वेन विचारतोय त्याचं काय करायचं. वेन म्हणजे दादाचा शेजारी आणि शिकारीतला जोडीदार. मी त्याला लिहिलं, नोव्हेंबरात एक दिवस दादाच्या झाडावर मी बसलो तर चालेल का. मारायचं काही नाही, नुसतं बसायचं आहे.

वेनने फोन केला. चालेल म्हणाला, पण ओझं स्वतः वाहायचं, स्वतः चढायचं आणि गप्प बसायचं. या तिन्हींचा व्हिडिओ ऑगस्ट संपायच्या आत पाठव, नाहीतर ती जागा माझ्या मेहुण्याला जाईल. एकाच घरातल्या दोघांना खांदा द्यायची माझी तयारी नाही, असंही म्हणाला.

सिंगापुरात ही तयारी करणं सोपं नाही. इथे झाडं पुष्कळ आहेत, पण ती बघायची असतात. बागेतल्या झाडावर चढलो तर खाली उतरेपर्यंत कोणीतरी अधिकारी वाट बघत उभा असेल. मी जुरोंग आयलंडवर, कारखान्यांच्या बेटावर, कामाला आहे. तिथे उंचीवर चढायचं तर परवाना, पट्टा आणि खाली लक्ष ठेवायला एक माणूस. आणि बाकी सगळ्या देशाला लिफ्ट आहे. राहिला आमच्या बिल्डिंगचा जिना. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की तांदळाची पिशवी पाठीवर टाकून जिना चढायला लागलो. लोखंडी वजनांपेक्षा तांदूळ बरा, पुढे खाता येतो.

पाचव्या मजल्यावरच्या आंटीने दार उघडून विचारलं, “लिफ्ट स्पॉइल, आह?”

“नो आंटी, एक्सरसाइझ.”

तिने पिशवीकडे पाहिलं. “एक्सरसाइझ ऑल्सो मस्ट बाय राइस?”

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाला आला. लिफ्ट बंद असल्याची तक्रार बऱ्याच मजल्यांवरून गेली होती. त्याने सगळं तपासलं आणि मला म्हणाला, “अंकल, लिफ्ट ओके. यू कॅन टेक.” त्याचं मन मोडू नये म्हणून लिफ्टने वर गेलो. तो गेल्यावर खाली येऊन पुन्हा जिना धरला.

शिरीष माझा कॉलेजपासूनचा मित्र. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत आहे. एकदा हाफ मॅरेथॉन पळाला, ते पदक देवघराच्या शेजारी टांगलेलं आहे. माझा बेत कळला तसा तो माझा कोच झाला. ‘मिशन मचाण’ नावाचा ग्रुप काढला. सभासद तीन: तो, त्याची बायको अनघा आणि मी. रोज सकाळी त्यावर स्नायूंचं चित्र यायचं आणि खाली अनघाचा प्रश्न, दूध आणलंस का.

अनघानेच एक अडचण काढली. दादाला जाऊन वर्ष झालेलं नाही. वर्षाच्या आत शिकार चालते का? तिच्या माहेरच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी पुण्यात जेवून नुकतेच आडवे झाले होते.

“वर्षाच्या आत सणवार नको, नवी वस्त्रं नको,” ते म्हणाले. “शिकारीचं कुठे वाचलेलं नाही. झाडावर बसून करायचं काय?”

“बसायचं,” मी म्हणालो.

“कोणाशी बोलायचं?”

“कोणाशीच नाही.”

“खायचं?”

“वास येतो म्हणून फारसं नाही.”

“मग हे मौन आणि उपासच झाले की. करा. आनंद वाटायला लागला तर मात्र उतरा.”

असा धर्माचा आणि विज्ञानाचा पाठिंबा घेऊन आम्ही उबीनला निघालो. उबीनच निवडायचं कारण, तिथे चेक जावा नावाच्या भागात झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाणारा एक लोखंडी मनोरा आहे. सरकारने स्वतः बांधलेला, चढायला परवानगी असलेला, आणि मचाणाच्या तिप्पट उंच.

चांगी व्हिलेजच्या धक्क्यावर तिकीट वगैरे भानगड नाही. बारा माणसं जमली की होडी सुटते, माणशी तीन डॉलर होडीवाल्याच्या हातात द्यायचे. आम्ही नऊ होतो. घाई असेल तर उरलेल्यांचे पैसे भरून निघता येतं. शिरीषने ते सुचवलं, अनघाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मग आम्ही थांबलो. होडीवाल्या अंकलने माझी पिशवी उचलून बघितली.

“कॅम्पिंग आह? हाऊ मेनी डेज?”

“वन डे,” अनघा म्हणाली.

“वन डे, सो मच राइस,” तो म्हणाला आणि माझ्या पोटाकडे आदराने बघत राहिला.

पलीकडे उतरल्याबरोबर सायकलींची दुकानं लागतात. आठ-दहा डॉलरमध्ये दिवसभर मिळते. ब्रेक आधी तपासून घ्या. खाण्यासाठी माशांची हॉटेलं आहेत आणि ती चांगली आहेत असं ऐकतो. आमचा श्रावण होता. शिरीषचा तर वर शनिवारचा उपास. शिकारीच्या सरावाला निघालेल्या तुकडीकडे उपासाची थालीपिठं, दाण्याची चटणी आणि एक केळ्यांचा घड होता. शहाळी तिथे थंडगार मिळतात, ती मात्र सोडू नका.

चेक जावापर्यंतचा रस्ता चढउताराचा आहे. अर्ध्या वाटेवर शिरीष मागून ओरडला, “मिल्या, थांब.”

पिशवीला खाली भोक पडलं होतं आणि तांदळाची बारीक रेघ मागे चालत आली होती. रेघेवरून सात-आठ रानकोंबड्या शिस्तीत दाणे टिपत येत होत्या. शिकारी पुढे आणि सावज मागे, असा तो देखावा होता.

शिरीषचा चेहरा उतरला. “वन्य प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे इथे. दंड होतो. अरे, माझा वर्क पास रिन्यू व्हायचाय.” तो गुडघ्यावर बसून तांदूळ वेचायला लागला. कोंबड्या दुसऱ्या टोकाकडून वेचत होत्या. त्यांचा वेग जास्त होता.

“श्रावणात तांदूळ निवडायला कधी बसला नाहीस,” अनघा म्हणाली. “बरं वाटलं बघून.”

भोकाला चिकटपट्टी लावली. मनोऱ्याशी पोचलो तेव्हा मी आधी जमिनीवर उभा राहून कमरेचा पट्टा बांधला. जिन्याला कठडा होता, पट्ट्याची गरज नव्हती, पण वेनला व्हिडिओत तो बांधताना बघायचं होतं. अनघाने मोबाइल धरला. शिरीषने खाण्याची पिशवी पायथ्याशी ठेवली, कारण वर वास नको. मी चढलो, मागून ती दोघं. मधल्या टप्प्यावर एकदा थांबलो, कशामुळे ते लिहीत नाही. धाप लागली होती एवढं खरं.

वर एक चिनी अंकल आधीच बसले होते. पुढ्यात पितळी तोफेएवढी लेन्स. धनेश पक्ष्याची वाट बघत होते. मी कोपऱ्यात खुर्ची उघडून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “वेटिंग फॉर व्हॉट?”

“डिअर.”

“हिअर नो डिअर. ओन्ली माऊस-डिअर. कॅट साइझ. डेटाइम डोंट कम.”

“आय नो.”

त्यांनी विचार केला. “देन कॅन वेट लाँग,” म्हणाले आणि पुन्हा लेन्सला डोळा लावला.

शिरीष माझ्या शेजारी बसला होता. गप्प बसण्याचं तंत्र त्याने मला कुजबुजून समजावलं. श्वास कसा घ्यायचा ते समजावलं. मग त्याच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. फार वेळ बसलात, उठा, असं ते सांगत होतं. त्याने ते बंद केलं. थोड्या वेळाने ते पुन्हा वाजलं. तिसऱ्यांदा वाजल्यावर अंकलनी लेन्सवरून डोळा न काढता म्हटलं, “युवर फ्रेंड, व्हेरी गुड, कॅन सिट. यू, कॅन गो डाऊन.”

शिरीष खाली गेला आणि लगेच त्याची हाक आली. पायथ्याशी एक रानडुक्कर आलं होतं. मोठं, सावकाश चालणारं, अजिबात न घाबरणारं. त्याने पिशवी आडवी पाडून थालीपिठं खाल्ली, चटणी खाल्ली, केळी सालीसकट खाल्ली. शिरीष पहिल्या टप्प्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

“असू दे,” अनघा वरून म्हणाली. “त्याचाही शनिवार असेल.”

मी हललो नाही. मला बरं वाटत होतं. गेल्या आठ महिन्यांत संध्याकाळी घरी आल्यावर मी असाच बसत आलो होतो, फक्त त्याला सराव म्हणतात हे माहीत नव्हतं. समोर समुद्र होता, खाली पानं. दादा असाच बसत असेल, गप्प, असं वाटलं. मला त्याचा एक भाग सापडला जो कोणालाच माहीत नव्हता, आणि तो माझ्यासारखा होता.

होडीतून उतरल्यावर अनघाने धक्क्यावरच व्हिडिओ वेनला पाठवला. परतीच्या १०९ मध्ये शिरीष खिडकीला डोकं टेकून झोपला, उपाशीच होता बिचारा. बस तांपिनीसच्या पुढे गेली असेल तेव्हा वेनचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

वेन सावकाश बोलतो. चढणं वाईट, म्हणाला. गुडघा फार उचलतोस. पट्टा जमिनीवरच बांधलास ते आवडलं. तो टाळ्या वाजवणारा माणूस येणार नाही ना? मी नाही म्हणालो. आणि बसणं उत्तम, म्हणाला, मला वाटलं व्हिडिओच अडकला. ये नोव्हेंबरात. मग हसला. भावासारखा नाहीस.

“म्हणजे?” मी विचारलं.

म्हणजे तो कुठे गप्प बसायचा, वेन म्हणाला. दिवसभर बोलायचा, तुमच्या भाषेत. माझं झाड शेताच्या पलीकडे, तरी ऐकू यायचं. त्याच्या झाडाखाली हरीण कधी आलंच नाही. त्याने तुला पाठवलेले फोटो मी मारलेल्या हरणांचे.

“तू त्याला काही म्हणाला नाहीस?”

पहिल्या वर्षी म्हणणार होतो. पण मिलिंद, मिलिंद असं तुझं नाव सारखं ऐकू यायचं. भाऊ फोनवर आहे म्हटल्यावर गप्प बस कसं सांगणार?

मला जंगलातून दादाचा फोन कधीच आला नव्हता. यायचा तो रविवारी, घरून. मी विचारलं, “त्या जागी फोन लागतो?”

 वेन म्हणाला, नाही. रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं.

दोघांनीही फोन लगेच ठेवला नाही. अनघाने काय झालं म्हणून खूण केली. मी जागा मिळाली असं सांगितलं. तिने शिरीषला हलवून उठवलं आणि त्याने अर्धवट झोपेत माझ्याशी हात मिळवला.

उबीन एका दिवसात सहज होतं. टोपी, पाणी, पायात बंद बूट. खाणं पाठीवरच ठेवा. खर्च फार नाही, आमचा बराचसा डुकरावर झाला.

घरी येऊन बसलो तर शिरीषचा पुढच्या आठवड्याचा तक्ता आलेला होता. मांड्या, खांदे, पाठ, सगळ्यांना वार ठरवून दिले आहेत. गप्प बसण्याचा विषय पूर्ण झाला म्हणून त्याने त्यापुढे हिरवी खूण केली आहे. मला तिकडे जाऊन काय करावं लागेल त्याचा त्यात व्यायाम नाही. दादाने एवढं बोलून ठेवलंय आणि मी कधीच हं च्या पुढे गेलो नाही. नोव्हेंबरपर्यंत काही वाक्यं जमतील का, सांगता येत नाही.

अंघोळ केली. घामाचा शर्ट धुतला, पिळला, बांबूच्या काठीवर बाह्या सरळ करून चढवला आणि काठी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सरकवून ठेवली.