आखणीतले दोन फूट

फूटपट्टीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण मैदानावर त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नाही. धावण्याच्या रेषा आखणं हे त्यांचं काम. पोलादी टेप, खुंट्या, दोरी आणि पांढऱ्या रंगाची ढकलगाडी हाच त्यांचा अर्धा संसार. उरलेला अर्धा संसार म्हणजे बायको. ती शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे पलंगसुद्धा भिंतीला समांतर लागतो. बोटभर वाकडा झाला तर ह्यांना झोप येत नाही."

त्यांच्या शहराने मोठ्या स्पर्धांसाठी दोनदा अर्ज केला आणि दोनदा नकार पचवला. चार वर्षांतून एकदा देशोदेशींचे खेळाडू जमायचे, धावण्यापासून पोहण्यापर्यंत सगळे खेळ व्हायचे, असा तो सोहळा. तिसऱ्या खेपेला मान मिळाला आणि मग तीन वर्षं शहर नुसतं खणून ठेवलेलं होतं. नदीकाठची कातडी कमावणाऱ्यांची वस्ती हलवून तिथे तरणतलाव बांधला. खेळाडूंसाठी सात मजली इमारती उठल्या. जुन्या मैदानाभोवती चाळीस हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम उभं राहिलं.

मैदानाचा माळी काकांचा जिवाभावाचा मित्र. माळ्याची मुलगी तिथल्याच गवतावर चालायला शिकली आणि चालण्याआधी धावायला लागली, असं तो म्हणायचा. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे तिला काडी म्हणत. स्पर्धा आल्या तेव्हा काडी एकवीस वर्षांची होती आणि चारशे मीटरमध्ये देशात तिच्या पुढे कुणी नव्हतं.

"पदक आणलं नाहीस तर घरात घेणार नाही हं," माळी काकांच्या ओट्यावर चारचौघांत तिला चिडवायचा.

"मग मी काकांच्या घरी राहीन," काडी म्हणायची.

"तिथे जेवायला मापात मिळतं," काकू आतून ओरडायच्या.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना धावपट्टीच्या आतल्या बाजूने उंच कड बसवली गेली. तिथे आधी नुसती रंगवलेली रेषा होती. आता धावणारा काही रेषेवरून धावत नाही, जरा बाहेरून धावतो. म्हणून अंतर मोजायचं ते रेषेपासून वीस सेंटिमीटर सोडून. कड असली की पाय ठेचाळेल म्हणून तो आणखी बाहेर राहतो, तिथे तीस सोडायचे. ऑफिसातून चिठ्ठी आली, "कड बसली आहे. तीसने मोजावे."

काकांनी दोन दिवस गुडघ्यांवर रांगत सगळं पुन्हा मोजलं. आठही लेन तीसने. पण कड होती फक्त सगळ्यात आतल्या, पहिल्या लेनला. बाकीच्या सात लेनना पूर्वीसारखीच रेषा होती आणि त्यांचं माप वीसचंच राहायला हवं होतं. एका पट्टीला एक माप आणि शेजारच्या पट्टीला दुसरं, हे त्या नीटनेटक्या माणसाच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यामुळे सात लेनच्या सुरुवातीच्या खुणा दोन फूट पुढे सरकल्या. त्या लेनमधून धावणारीला चारशे मीटर पुरे करावेच लागणार नव्हते. ते फक्त पहिल्या लेनला. तपासनीस आले, घाईत होते. त्यांनी पहिली लेन मोजली, अचूक भरली, काकांच्या पाठीवर थाप मारली आणि सही करून गेले.

अंतिम शर्यतीत काडीच्या वाट्याला पहिली लेन आली.

ती चौथी आली. तिसरीच्या आणि तिच्यामध्ये वीतभर अंतर होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की यजमान शहराच्या मुलीचा शेवटच्या वळणावर धीर सुटला.

"घाबरलीस तू," माळी म्हणाला. "मी पाहिलं ना. वळणावर खांदे वर आले तुझे."

"बाबा, मी होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं हो."

"मग पदक कुठाय?"

त्याने तिला घराबाहेर काढलं नाही, पण चिडवणंही थांबवलं. काडीने बूट कुणालातरी देऊन टाकले आणि एका लाँड्रीत कामाला लागली.

दीड महिन्याने शाळांच्या शर्यतींसाठी आखणी करताना काकांनी नियमांची पुस्तिका उघडली. कडेच्या मापाचं कलम त्यांनी तीनदा वाचलं. मग धावपट्टीच्या कडेला बसून राहिले. डब्याची वेळ टळली तरी उठले नाहीत.

काकांनी ऑफिसात जाऊन चूक सांगितली, तेव्हा स्पर्धेच्या सेक्रेटरीसाहेबांनी आधी दार लावून घेतलं. "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. पदकं आपापल्या देशी गेली. जगात शहराचं नाव झालंय, ते धुळीला मिळवायचंय का तुम्हाला?"

"पण आमची काडी..."

"चौथी ती चौथी. जा, कामाला लागा."

घरी काकू म्हणाल्या, "त्याला काय विचारता? पोरीला सांगून टाका."

"सांगतो," काका म्हणाले.

ते सांगणं एकतीस वर्षं लांबलं. आधी सेक्रेटरीची भीती होती. तो निवृत्त झाला तेव्हा वाटलं, पोरीची जखम भरत आलीय, कशाला खपली काढा. नंतर तर इतके दिवस का नाही बोललात, याला उत्तर उरलं नाही. स्टेडियमच्या पायऱ्यांमधून गवत उगवलं, खेळाडूंच्या इमारतींत सरकारी कचेऱ्या आल्या. माळी गेला. काकूही गेल्या. जाईपर्यंत त्या अधूनमधून विचारत, "सांगितलंत का?" आणि काका पलंग सरळ करायला लागत.

स्टेडियम पाडणार अशी बातमी आली, त्या आठवड्यात काका काडीच्या दुकानात गेले. लाँड्री आता तिचीच होती. ती शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होती. केस पिकले होते, अंग अजून तसंच काडीसारखं.

"या काका! आज वाट चुकलात?"

त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. कड, चिठ्ठी, वीस आणि तीस. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"दोन फूट म्हणजे किती?" तिने विचारलं. "दाखवा."

काकांनी फरशीवर एक पाऊल टाकलं आणि दुसरं त्याच्या पुढे, टाचेला बोटं लावून.

"एवढंच?"

"एवढंच."

ती त्यांच्या चपलांकडे पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, "बाबा शेवटचे अंथरुणावर होते ना, तेव्हा माझा हात धरून म्हणाले होते, भित्री असलीस तरी माझीच आहेस तू. मला केवढं बरं वाटलं होतं! मी रडले होते." तिने शर्टाची कॉलर हाताने सपाट केली. "तुम्ही पायथ्याशी बसला होतात, काका."

"हो."

"तेव्हा नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पुढचं काही नसतं सांगितलं तरी चाललं असतं. माझ्यासाठी नाही हो, त्यांच्यासाठी."

दारात एक बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी राहिली. काका अजून तसेच, पावलापुढे पाऊल ठेवून, वाटेत उभे होते.

काडीने इस्त्री पुन्हा हातात घेतली.

"जरा बाजूला व्हा, काका," ती म्हणाली. "त्यांना आत येऊ द्या."