कुलपाची गोष्ट कुठं ठेवायची

माझ्या पहिल्या पुस्तकात नऊ गोष्टी होत्या, आणि त्यांतली एक कुठं ठेवायची याचाच मला घोर लागला होता. आमच्या सोलापूरच्या चाळीत टेबल कुठलं आलंय! दुपारी फरशी पुसून घ्यायची आणि नऊ गोष्टींचे कागद ओळीनं मांडायचे. उडू नयेत म्हणून कुणावर तांब्या, कुणावर अडकित्ता. कुलपाच्या गोष्टीवर वरवंटा.

ती गोष्ट मला समोरच्या बिऱ्हाडातल्या सुनेनं सांगितलेली. तिच्या नवऱ्याची पहिली बायको प्लेगात गेली असं सगळे म्हणायचे. प्लेगाच्या साली आम्ही सगळीच गावाबाहेर झोपड्यांत राहिलो होतो, त्यामुळं कोण काय बघणार? पण ही दुसरी नांदायला आली आणि हातमागाच्या खोलीचं दार पुसताना तिला आतल्या बाजूला ओरखडे दिसले. बसल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर. पुढं नवरा एकदा तापात बरळला. पहिलीला साधा ताप होता, प्लेग नव्हताच; सासूनं तिला आत कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं आणि घर सोडलं.

"लिव्हा वैनी," सून म्हणाली, "पर माजं नाव नको. आन कुनाला घावनार न्हाई अशा जागी ठिवा. सासूला कळलं तर मी बी त्याच खोलीत." ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

मी नावं बदलली, गाव बदललं, हातमागाच्या जागी गुऱ्हाळ आणलं. ओरखडे मात्र सोडवेनात.

छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, ही पहिली घाला. गिऱ्हाईक पहिल्या पानावरच धरावं लागतं."

"शेवटी घाला."

"अहो, शेवटपर्यंत कोण वाचतंय?"

"म्हणूनच म्हणते."

शाळेचं तोंड न पाहिलेली मी. अक्षरं शिकले ती पोथीवरून, आणि पोथी कशी वाचतात तेवढंच नेमकी विसरले!

पुस्तक आलं. बायका दुपारच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला आमच्याच ओसरीवर जमायच्या. समोरच्या आत्याबाई, म्हणजे तीच सासू, पुस्तकाला हळदकुंकू वाहून म्हणाल्या, "वाच गं मास्तरीण. समदं नको, गिरनीचा भोंगा हुईल. पयला आन शेवटचा अध्याय वाच. फळ शेवटाला असतंय."

वेळ नसला की पोथी अशीच वाचतात की! सून खाली मान घालून कांडी भरत होती. तिचा दोरा तुटला, तो तिनं जोडला, पुन्हा तुटला.

पहिली गोष्ट मी जमेल तेवढी लांबवली. मग म्हटलं, "घसा सुकला, आत्याबाई."

"मग पानी पी की. आमी हाय हितंच."

वाचू लागले. ओरखडे गाळले. शेवट तिथल्या तिथं बदलला: नवरा माघारी येतो, कुलूप काढतो, बायको वाचते. बायकांनी सुस्कारे सोडले. आत्याबाईंचा हात मात्र थांबला होता.

"कुलूप कुनी काडलं म्हनलीस?"

"तिच्या नवऱ्यानं."

"न्हाय काडलं त्यानं," म्हातारी अगदी सहज बोलून गेली. मग सुनेकडं बघून उठली. "चल गं घरी. लई बसलीस."

दुसऱ्या दिवशी चाळीतले सगळे माग खडखडत होते, समोरचा एकटाच सकाळपासून गप्प. आत्याबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या, लेक बाहेर गेलेला.

"सूनबाई कुठं दिसत नाहीत?"

"म्हायेरी धाडलीया. मोडनिंबला."

तिचं माहेर करकंबचं. आत्याबाईंच्या डोक्यावरून मी आत बघितलं. मागाच्या खोलीला कुलूप होतं.

मी घरी आले, वरवंटा उचलला आणि बायकांना हाका मारल्या. म्हातारी आडवी आली, तोंडाला येईल ते बोलली. दोघींनी तिला धरलं. तिसऱ्या घावाला कोयंडा निघाला.

आत सून दाराशीच बसली होती. जिवंत होती. ओरडून ओरडून घसा पार बसलेला. तिच्या नखांकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

करकंबहून बाप येऊन तिला घेऊन गेला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कागद मांडून बघावे लागले नाहीत. ती गोष्ट मी पहिली घातली, ओरखड्यांसकट.