वासंतीचं खरं नाव

लेस्टरहून आणलेला मोगऱ्याचा गजरा आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी पडून होता. तरी शनिवारी दुपारी तो केसांत माळला, तेव्हा बर्मिंगहॅमच्या त्या हॉलमधल्या ओल्या कोटांच्या वासावर त्याने सहज मात केली. खिडकीतून ऑक्टोबरचं फिकट ऊन आरशावर आलं होतं. आरशातली नऊवारी नेसलेली बाई मी नव्हेच, माझी पणजी आहे, असं मला उगाच वाटून गेलं.

पणजी, म्हणजे आईची आजी, शंभर वर्षांपूर्वी फक्त बायकांच्या एका नाटक मंडळीत काम करायची. भूमिका गाजली ती एकच, भर दरबारात राजाचा निवाडा नाकारणाऱ्या वासंतीची. ती इतकी गाजली, की गावोगावचे लोक तिला वासंती म्हणूनच हाक मारू लागले आणि तिचं स्वतःचं नाव त्या टाळ्यांच्या कडकडाटात कुठे विरून गेलं ते कळलंच नाही. घरानेही ते जपलं नाही; आजी नाटकवाली म्हटल्यावर नातींची लग्नं मोडत. आई तर हा विषय निघाला की तोंडाला कुलूप घाली. वासंतीचं पद मात्र तिनेच मला शिकवलं, तेही मेथी निवडता निवडता, जणू एखादं देवाचं गाणं असावं अशा थाटात. नाव विचारलं की एकच उत्तर, "काय करायचंय तुला?"

मला ते नाव हवं होतं. महाराष्ट्र मंडळात तेच नाटक आम्ही नव्याने बसवलं, तेव्हा पत्रिकेवर 'वासंती साकारणाऱ्या पणजीस' एवढंच छापावं लागलं, आणि ती ओळ मला सलत राहिली. साताऱ्याहून आलेली आई दोन स्वेटर चढवून तिसऱ्या रांगेत बसली होती. ती मधूनच उठून जाईल, याचीच मला धास्ती.

प्रकाशयोजना निखिलची. तो मूळचा पुण्याचा, इथे बँकेत सॉफ्टवेअर सांभाळतो. "ताई, पद संपलं की लगेच फेड-आउट. सगळं प्रोग्रॅम केलंय, टेन्शन घेऊ नकोस," असं त्याने बजावलं होतं. संगीत नाटक बसवणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही, की त्या प्रोग्रॅममध्ये वन्समोअरला जागाच ठेवलेली नाही.

भीमपलासातलं ते पद मी गायले. शेवटची तान समेवर आली आणि ठरल्याप्रमाणे काळोख झाला. टाळ्या विरत असतानाच तिसऱ्या रांगेतून, फार मोठ्याने नव्हे पण स्वच्छ, एक आवाज आला.

"वन्समोअर."

तो आईचा आवाज होता. मग सगळा हॉलच तेच म्हणू लागला, निखिलने प्रोग्रॅम सोडून हाताने दिवे चढवले, आणि मी पुन्हा गायले. खोटा विनय कशाला, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं गायले.

प्रयोगानंतर आई रंगपटात आली. माझं कौतुक वगैरे काही नाही. पत्रिका उचलली, पेन मागितलं आणि त्या अर्धवट ओळीपुढे सावकाश एक शब्द लिहिला.

"यमुना. पुढच्या वेळी मोठ्या अक्षरांत छाप."

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. गजरा मी तिच्या अंबाड्यात खोवला होता. बाहेर विटांची लालसर घरं उन्हात मागे पडत होती आणि आई वासंतीचं पद गुणगुणत होती, अगदी शेजारच्या बाईला ऐकू जाईल इतक्या आवाजात. हातात निवडायला मेथी नव्हती.