सरुबाई गप्प झाली त्याची गोष्ट

हिंजवडीत कुणालाही विचारलं असतं, की गावात सगळ्यांत जास्त कोण बोलतं, तर विचार न करता त्यानं सरुबाईचं नाव घेतलं असतं. बाई बोलायची म्हणजे काय बोलायची! या बांधावर खुरपं चालवता चालवता पलीकडच्या बांधावरच्या बाईला तिच्या सुनेचं काय चुकलं ते समजावून सांगायची. माणूस नसलं तर म्हशीशी, म्हैस नसली तर पाटाच्या पाण्याशी बोलायची. नवरा संभाजी मोजकं बोलणारा. तो म्हणायचा, "माज्या वाटणीचं बी हीच बोलती, मला कशाला तरास?" मुलगा रविराज लहान असताना त्याला झाडाखालच्या झोळीत टाकून ती दिवसभर सांगत राहायची, ह्यो बग कावळा, ही बग मेथी, त्यो बग तुजा बा बिडी वढतोय. पोरगं वर्षाचं व्हायच्या आत बोलायला लागलं आणि पहिला शब्द काढला तो 'बिडी'. हे सांगताना सरुबाई हसून हसून बेजार व्हायची.

पुढं त्या रानात काचेच्या इमारती आल्या. संभाजी वारला. रविराज शिकला आणि गंमत अशी, की जिथं त्याची झोळी टांगलेली असायची तिथून हाकेच्या अंतरावर एका कंपनीत संगणकापुढं बसू लागला. लग्नानंतर त्यानं जवळच्याच सोसायटीत नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला तिथं आणलं. नवव्या मजल्यावरून हाक मारली तर खाली पोचत नाही, आणि शेजारची दारं कायम लावलेली. सरुबाईला आठवडाभर तोंडाला कुलूप घातल्यासारखं झालं. पण लवकरच अभिनव झाला, आणि तिला बोलायला हक्काचं माणूस मिळालं. सून उत्कर्षा बाळंतपणाची रजा संपवून कंपनीच्या बसमध्ये बसू लागल्यावर नातू दिवसभर सरुबाईकडंच असायचा.

उत्कर्षा अमरावतीकडची. स्वभावानं चांगली, सासूला कधी उलट बोलली नाही. पण तिच्या मनात एक जुना काटा होता. कॉलेजसाठी ती पुण्यात आली, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहिली, आणि पहिल्याच आठवड्यात क्लासमध्ये उभी राहून म्हणाली, "सर, मला समजून नाही राहिलं." सगळा वर्ग हसला. खोलीवरच्या मुली मग वर्षभर तिला विचारत होत्या, "काय गं, काय करून राहिलीस?" त्या वर्षात उत्कर्षानं माहेरची बोली घासूनपुसून काढून टाकली. इतकी, की घरी फोन केला तर आई तिकडून विचारायची, "रागावून आहे का तू आमच्यावर?"

एकदा ती ऑफिसमधून आली तेव्हा सरुबाई मांडीवरच्या अभिनवला विचारत होती, "कुटं गेलतास रं माज्या वाघा? भूक हाय का न्हाय?" पोरगं खिदळत होतं. उत्कर्षा जवळ बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, राग मानू नका. पण त्याच्यासमोर जरा शुद्ध बोलाल का? पुढे शाळेत मुलं हसतात हो. मी भोगलंय ते."

सरुबाईला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. चार शब्द बोलून मोकळी झाली असती आणि पुन्हा 'हाय-न्हाय' सुरू केलं असतं. पण तिला सुनेचं पटलं. सोसायटीच्या हळदीकुंकवात ती काहीतरी बोलली तेव्हा दोन बायकांनी एकमेकींकडं कसं बघितलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. आपल्यावर हसले तर हसोत, नातवावर कुणी हसायला नको, एवढंच तिच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शुद्ध बोलायला लागली. "अभिनव, तू दूध घेणार आहेस का?" रविराज ऐकून पोट धरून हसला. "आये, बातम्या देतीस का काय!" तो मायेनंच हसला, पण सरुबाई ओशाळली. शिवाय शब्द शोधता शोधता सांगायचं तेच निसटून जाई. 'तो बघ कावळा आहे' असं जुळवेपर्यंत कावळा उडालेला असायचा. हळूहळू ती कमी बोलू लागली. मग फक्त "घे", "ये", "झोप". मग तेही हाताच्या खुणेनं होऊ लागलं.

आणि मूल गप्प घरात कसं वाढवायचं, म्हणून तिनं टीव्ही लावला. त्यात एक निळं अस्वल यायचं. हिंदीत बोलायचं, नाचायचं, मधूनच इंग्रजी गाणी म्हणायचं. सरुबाईला त्यातलं फारसं कळत नसे, पण बोलणं स्वच्छ आहे, टापटीप आहे, याची तिला खात्री वाटली. आपण शिकवू शकत नाही ते हे शिकवील. शाळेत पाठवावं तशा श्रद्धेनं ती सकाळी पोराला आंघोळ घालून, केस विंचरून टीव्हीपुढं बसवायची आणि शेजारी मुकाट घास भरवत बसायची. भांडी घासायला येणारी सोजरबाई मावळातली, मोठ्या आवाजाची. तिनं तोंड उघडलं की सरुबाई ओठांवर बोट ठेवायची. "हळू बोल गं, पोराच्या कानावर पडंल."

त्याचं फळही दिसलं. अभिनव दोन वर्षांचा होतो न होतो तोच टीव्हीबरोबर इंग्रजी मुळाक्षरं म्हणू लागला, रंगांची नावं सांगू लागला. उत्कर्षानं मोबाईलवर व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, फेसबुकवर टाकला. अंगठ्यांचा आणि लाल बदामांचा पाऊस पडला. ओळख ना पाळख अशी माणसंसुद्धा पोराला हुशार म्हणू लागली. मांजरी गावाहून सरुबाईच्या नणंदेचा, नंदाचा फोन आला, "वैनी, तुमचा नातू सायेब झाला की! काय खाऊ घालता?" सरुबाईची छाती फुगली. आपण तोंड मिटलं ते सोन्याहून पिवळं झालं, असं तिला वाटलं. संध्याकाळी मुलगा आणि सून दमून येत, अभिनवला जवळ घेत, एखादा नवा व्हिडिओ काढत आणि किती जणांना आवडला ते आपापल्या मोबाईलवर बघत बसत. त्यांचंही काय चुकलं म्हणा. दिवसभर राबून आलेल्या माणसाला कौतुकाचे दोन शब्द कुठून मिळाले तर नको असतात?

पण अभिनव कुणाला काही विचारत नव्हता, हे तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाणी हवं असलं तर तो सरुबाईचा हात धरून तांब्यावर नेऊन ठेवी, जणू तो हात घरातली एक वस्तू आहे. 'आई' म्हणून त्यानं कधी हाक मारली नव्हती. 'आजी' तर नाहीच.

ते पहिल्यांदा कळलं बालवाडीतल्या बाईंना. अभिनव तिथं जाऊ लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी उत्कर्षाला बोलावून घेतलं. "छान बोलतो हो तुमचा मुलगा, पण कुणाशीच बोलत नाही," त्या म्हणाल्या. मुलं चेंडू घेऊन त्याच्यासमोर उभी राहतात, हा त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत टीव्हीतली वाक्यं म्हणत असतो. नावानं हाक मारली तर वळत नाही. थोडे दिवस मुलं थांबली, आता त्याला वगळून खेळतात. उत्कर्षा घरी आली ती पांढरीफटक होऊन.

मग सदाशिव पेठेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं सगळे गेले. डॉक्टरांनी अभिनवचे कान तपासले, चित्रं दाखवली, ठोकळे दिले, बराच वेळ नुसतं बघत बसले. मग चष्मा पुसत विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," रविराज म्हणाला.

"त्यातली बोलणारी किती?"

रविराज उत्कर्षाकडं बघू लागला. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. बुद्धीही तुमच्या-माझ्यापेक्षा बरी दिसतेय. एकट्या टीव्हीचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, ते इतकं सोपं नसतं. पुढे आणखी तपासण्या कराव्या लागतील. पण माणसाशी बोलायचं असतं, हे याला कुणी दाखवलेलं दिसत नाही. दिवसभर असतो कुणाजवळ?"

"आजीजवळ."

डॉक्टरांनी सरुबाईकडं पाहिलं. "अहो आजीबाई, तुम्हाला बोलता येत नाही का?"

सरुबाईनं पदर तोंडाशी नेला. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी हा प्रश्न विचारला होता. ती खाली बघून म्हणाली, "येतंय. पर माजी भाषा खराब हाय, डॉक्टरसायेब. म्हून न्हाय बोलत."

डॉक्टरांचा आवाज जरा खाली आला. "पुरणपोळी नाही म्हणून पोराला भाकरीही द्यायची नाही, असं करता का घरी? टीव्ही बंद करा. मोबाईलही देऊ नका. आणि बोला. तुम्हाला येतं तसं, दिवसभर बोला. वेळ लागेल. किती लागेल ते मला विचारू नका."

परतताना गाडीत उत्कर्षा रडत होती. "आई, मी फक्त शुद्ध बोला म्हटलं होतं. बोलूच नका असं कधी म्हटलं नाही हो."

"तू न्हाय म्हनलीस," सरुबाई म्हणाली. "म्याच तसं ऐकलं." सुनेच्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. खरं तर तिला स्वतःलाच कुणीतरी जवळ घ्यायला हवं होतं. तिच्या डोळ्यांपुढून घरातला एकेक दिवस जात होता. पोरगं खिदळायचं ते कधी थांबलं, ते तिला आठवेना.

घरी आल्याबरोबर रविराजनं टीव्ही भिंतीवरून काढला आणि वॉचमन कोंडीरामला देऊन टाकला. त्यानं तो गावी धाडला. भिंतीवर फक्त स्क्रूची भोकं आणि चौकोनी स्वच्छ डाग राहिला. अभिनव त्या डागापुढं बसून आक्रोश करायचा, भिंतीवर हात आपटायचा, आणि शेवटी थकून तिथंच झोपायचा.

सरुबाईनं बोलायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं, तोंड उघडायचा अवकाश, की पूर्वीसारखं पाणी वाहील. पण जीभ जड झाली होती. पहिले काही दिवस ती एक वाक्य बोले आणि दाराकडं बघे, कुणी ऐकत तर नाही ना. मग सुटली. मेथी निवडताना बोलली, कणीक मळताना बोलली, त्याच्या आजोबांच्या बिडीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, खिडकीतून काचेच्या इमारतींकडं बोट करून इथं आपलं रान हुतं म्हणून सांगितलं. सोजरबाईला म्हणाली, "बोल गं मोठ्यानं, तू बी बोल." दोघी म्हाताऱ्या पोराला मध्ये बसवून जीव तोडून बोलत. अभिनव नळाचा आवाज ऐकावा तसा ते ऐकत असे. वळून बघत नसे.

एका दुपारी वाऱ्यानं बाल्कनीचं दार आपटलं आणि अभिनवचं बोट सापडलं. पोरानं किंकाळी फोडली. सरुबाई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. हातातली परात टाकून तिनं दोन्ही हात पसरले. "ये रं माज्या वाघा, ये, ये." अभिनव रडत, धावत तिच्याच दिशेनं आला. आणि तो तिच्या हाताला घासून पुढं निघून गेला.

तो भिंतीपाशी जाऊन थांबला. लाल झालेलं बोट त्यानं वर उचललं आणि त्या चौकोनी डागाला दाखवलं. थोडा वेळ वाट पाहिली. कुणाला लागलं की टीव्हीतलं निळं अस्वल जे विचारायचं, ते आता कुणी विचारेना, तेव्हा हुंदके देत त्यानं स्वतःच विचारलं, "क्या हुआ, दोस्त?"

सरुबाई उठली. गुडघे दुखत होते तरी भिंतीपर्यंत गेली, आणि भिंतीला पाठ लावून त्याच्यापुढं उभी राहिली, मग त्याच्या उंचीला येईल अशी खाली बसली. "मला दाव की रं," ती म्हणाली. "बाळा, मला दाव. लय लागलं का? मी हाय ना हितं."

अभिनवनं बोट बाजूला नेलं, तिच्या खांद्यावरून जिथून भिंत दिसत होती तिकडं. सरुबाई त्या बाजूला सरकली. त्यानं बोट दुसरीकडं नेलं. ती तिकडंही सरकली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला सवड नव्हती; ती सरकत होती आणि बोलत होती, आणि पोरगं तिच्या कानाजवळून भिंतीकडं बघत रडत होतं.