झाकलेलं दान

फासा टाकला रे टाकला की तो त्यावर वाटी पालथी घालायचा. मग वाटीची कड फक्त आपल्या बाजूने बोटभर उचलायचा, एक डोळा मिटून आत बघायचा, पुन्हा झाकायचा आणि काही घडलंच नाही अशा थाटात पोह्यांचा घास घ्यायचा. आम्ही तिघं माना लांब करून बसलेलो. "अरे, काय आलं सांग ना!" म्हणून मी ओरडलो की ठरलेलं उत्तर यायचं, "थांबा भाऊ. झाकलेलं हाय तोवर आपलं हाय."

वाटी आमच्याच स्वयंपाकघरातली. पहिल्या दिवशी त्याने ती मागून घेतली आणि पुढे सहा वर्षं तिला आमटीचा थेंब लागला नाही. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, ती देवघराशेजारच्या फळीवर ठेवून दिली होती.

तो आणि मी उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला होतो. तो कंटेनर उचलायची क्रेन चालवायचा आणि मी कंटेनरचं सील तोडून आतला माल तपासायचो. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना बंद डबा दिसला की हात शिवशिवतात. त्यातला मी. बायको म्हणते, तुम्ही सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा उलटून पालटून बघता.

माझा भाचा पुण्याला शिकायला जाताना एका खेळाची पेटी आमच्याकडे टाकून गेला होता. वीस बाजूंचा फासा आणि विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं तिथे फाशाने ठरवायचं, असा तो खेळ. मी ती पेटी गंमत म्हणून कँटीनमध्ये नेली. त्याने ती घरी नेली, तीन आठवडे पुस्तक वाचलं आणि मला म्हणाला, "राक्षस नको, किल्ले नको. दर्या आपला घेऊ. तुमी तांडेल व्हा."

म्हणून मी तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान झालो. सुनीता झाडपाल्याची औषधं देणारी बाई झाली. खालच्या मजल्यावरचे केमिस्ट पाटणकर, ज्यांनी जन्मात कुणाला एका गोळीचा रुपया जास्त लावला नाही, ते आनंदाने चोर झाले. दर रविवारी सकाळी नऊला करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये खेळ सुरू व्हायचा. तो उरणच्या मोऱ्याहून, आपल्या घरून मोटारसायकलवर यायचा, सुनीताच्या हातात सुकटाची पुडी द्यायचा, वही उघडायचा आणि म्हणायचा, "बोला, काय करता?"

गोष्ट एवढीच होती. एक नाखवा आपली होडी घेऊन मोठ्या पाण्यात गेला, तो परत आला नाही. आम्ही त्याला शोधायला निघालेलो. नाखव्याचं वर्णन त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उंच माणूस, डाव्या भुवईवर कापल्याची खूण, गाताना डोळे मिटतो. सहा वर्षांत आम्हाला त्याची टोपी सापडली, सुपारीचा डबा सापडला, एका बेटावर विझलेली चूल सापडली. नाखवा नाही. दर वेळी हातातोंडाशी आलेला घास जायचा आणि एक वाजला की तो वही मिटायचा. "निघतो वहिनी, आई जेवायची थांबते." पाच मिनिटं जास्त थांब म्हटलं तरी थांबायचा नाही.

मला वाटायचं, काय हुशार माणूस आहे! गाजर दाखवून सहा वर्षं खेळवतोय आम्हाला.

मग तो रविवार आला. खेळात आम्ही दर्याला एका संकटातून सोडवलं होतं आणि बक्षीस म्हणून दर्याने आम्हाला एक प्रश्न दिला होता. एकच, पण उत्तर खरं मिळणार. पाटणकरांना खजिन्याचं विचारायचं होतं. मी त्यांना गप्प बसवलं आणि म्हणालो, "आमचा प्रश्न लिहून घे. नाखवा जिवंत आहे का?"

तो म्हणाला, "दुसरा विचारा."

सहा वर्षांत त्याने आम्हाला असं कधी अडवलं नव्हतं. साहजिकच मी हट्टाला पेटलो. नियम त्याचाच होता, दहाच्या वर आलं तर हो, नाही तर नाही. त्याने फासा टाकला, वाटी पालथी घातली आणि कड उचललीच नाही. तळहात वाटीवर दाबून बसला.

"आज इथंच थांबू," तो म्हणाला. घड्याळात साडेदहा वाजले होते.

मी हसलो. "अरे, सहा वर्षं झाली! उघड की आता!" असं म्हणत त्याचा हात बाजूला केला आणि वाटी उचलली.

तीन.

तो चेहरा मला आजही आठवतो. खेळात हरलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. दारात कुणी निरोप घेऊन यावं आणि तो निरोप आपल्यासाठीच आहे हे कळावं, तसा झाला होता. तो म्हणाला, "बरं." उठला आणि गेला. वही टेबलावर राहिली, पोहेही राहिले. "अहो, काय केलंत तुम्ही?" सुनीता म्हणाली. मी काय केलं होतं ते मला माहीत नव्हतं.

पुढचे तीन रविवार तो आला नाही. यार्डात त्याने पाळी बदलून घेतली होती. फोन केला की एकच मेसेज यायचा, "बरं नाय वाटत." चौथ्या रविवारी मी वही आणि वाटी पिशवीत घातली आणि स्कूटर काढून मोऱ्याला गेलो.

दार त्याच्या आईने उघडलं. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी माझं नाव सांगण्याआधीच म्हातारी हसली. "तुमी करंजाड्याचे ना? तांडेल?"

मी दारातच थबकलो.

"पण तुमी इथं कसे? तो तर सकाळीच तुमच्याकडं गेला. दर रविवारी जातो तसा."

आत गेलो, तर समोरच्या भिंतीवर एक फोटो होता. उंच माणूस, डाव्या भुवईवर कापल्याची खूण. फोटोला हार नव्हता. मी खुर्ची ओढून फोटोसमोर बसलो. सहा वर्षं ज्याला शोधत होतो तो माझ्याकडे बघत होता.

"याचे बाबा," ती म्हणाली. "हा दहावीत होता तवा गेले दर्यावर. होडीच्या फळ्या मिळाल्या, ते नाय मिळाले. सगळे बोलले, कुंकू पूस, दिवस घाल. मी बोलले, माणूस मिळाल्याबिगर कशाला?" मग ती माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, "मिळाला का ओ नाखवा? मागच्या रविवारी हा बोलला, लांब दिवा दिसला नुसता."

मागच्या रविवारी खेळच झाला नव्हता. एक वाजता तो घाईने का निघायचा ते मला तेव्हा कळलं. आमचा खेळ तो घरी नेऊन हिला वाढत होता. आणि त्या खेळातला नाखवा मी मारला होता, माझ्या या हातांनी, हसत हसत.

"नाही अजून," मी म्हणालो. "पण दिवा दिसलाय."

"मंग मिळंल," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

परत निघालो तेव्हा तो मोऱ्याच्या धक्क्यावर दिसला. मांडीवर बॅग घेऊन एकटाच बसला होता, एक वाजायची वाट बघत. मी शेजारी जाऊन बसलो.

"आईला काय बोललात?" माझ्याकडे न बघता त्याने विचारलं.

"दिवा दिसला म्हणालो."

त्याने श्वास सोडला. मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं रे. माफ कर."

"तुमची काय चूक, भाऊ? प्रश्न बरोबरच होता. मीच इतकी वर्षं विचारला नाय." त्याने मांडीवरची बॅग खाली ठेवली. "तीन बघितलं आणि मला पयल्यांदा वाटलं, बाबा मेले. खरंच मेले. आता मला पुढचं सुचत नाय. चार रविवार खोटं रेटलं."

मी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती परत माझ्याकडे सरकवली.

"तुमी सांगा आता. तांडेल हाव ना तुमी."

पुढच्याच महिन्यात त्याने यार्ड सोडलं आणि परदेशात एका टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर नोकरी धरली. आईजवळ बहीण आहे, शेजारच्याच घरात. तो निघाला तेव्हा म्हातारीने त्याला कधी येणार म्हणून विचारलं नाही. त्या घरात जाणाऱ्याला ते विचारत नाहीत.

आम्ही तिघं अजून रविवारी बसतो. त्याची खुर्ची भिंतीशी लावलेली असते. "बोला, काय करता?" हे आता मी विचारतो आणि ते मला त्याच्यासारखं मुळीच जमत नाही. पाटणकर चोऱ्या करायचे विसरतात. सुनीता अधूनमधून सुकटाच्या डब्याचं झाकण उघडून बघते आणि लावून टाकते.

एक वाजला की फोन वाजतो. "तांडेल, मिळाला का ओ?"

"थांबा हं आई," मी म्हणतो, फासा टाकतो आणि वाटी पालथी घालतो. हात शिवशिवतात. मी ते मांडीखाली दाबून धरतो आणि तिला पुढचं सांगायला लागतो.