लिस्बन सर आणि अर्धी गोष्ट

लिस्बन सर वर्गात आले की हजेरीआधी खिडकीशी जात, बोट तोंडात ओलं करून बाहेर धरत आणि वारा आहे का ते पाहत. त्यावर त्या दिवसाचा धडा ठरे. वारा असला की जहाजं निघत. वारा पडला की चित्रं. आणि टिनाच्या छपरावर पाऊस बडवू लागला की धर्माची भांडणं, कारण ती ओरडूनच सांगावी लागतात असं त्यांचं ठाम मत होतं. पुस्तकातला क्रम त्यांनी कधी पाळला नाही, पण मार्चच्या आत सगळं शिकवून झालेलं असे.

आमगावच्या कॉलेजात ते अकरावी-बारावीला युरोपचा इतिहास शिकवत. स्वतः नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते, समुद्र तर डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. तरी लिस्बनच्या बंदराचं वर्णन असं करत, जणू दर आठवडी बाजाराला तिथूनच भाजी आणतात. गावाने त्यांचं बारसं त्यावरूनच केलं होतं.

वारा पडलेल्या एका दिवशी त्यांनी टेबलावर स्टूल ठेवलं, वर चढले, मान मागे टाकली आणि छपराच्या टिनावर खडूने एक हात काढायला लागले. "चार वर्सं असा उभा होता तो चित्रकार, छताखाली. अन् तुमच्याच्यानं चाळीस मिनिटं बसवत नाही!" उतरले तेव्हा मान खाली येईना. उरलेला तास आढ्याकडे बघतच शिकवला. माणसाचं नाव मात्र ते अगदी शेवटी सांगत. "पयले मानूस पाहा, मंग नाव." परिणाम असा झाला, की चाचणीत अर्ध्या वर्गाने नावाच्या जागी ‘मानमोडा चित्रकार’ असं लिहिलं. सरांनी सगळ्यांचे मार्क कापले आणि स्टाफरूममध्ये ते पेपर कौतुकाने सगळ्यांना दाखवले.

माझं कॉलेज अकरावीच्या पहिल्याच पावसाळ्यात सुटलं. बाबांची पाठ धरली होती आणि धानाच्या रोवण्याला पुरेशा बाया मिळत नव्हत्या. माय म्हणाली, "शिकून कोनते दिवे लावतं व? चाल बांधीत." नाव काढून टाकायचंच ठरलं. मी रडले, पण आमच्याकडे रडण्याने निर्णय बदलत नाहीत. आठ दिवस मी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात वाकून कोवळ्या रोपांचे पऱ्हे लावत होते.

नवव्या दिवशी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर एक सायकल आडवी पडली. सर होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते थेट बांधीत उतरले, पऱ्ह्यांची जुडी उचलली आणि बायांच्या रांगेत माझ्या शेजारी वाकले.

"सर, हे काऊन करून राहिले तुमी?" माय गडबडली.

"पोरीच्या वाटचा रोवणा मी लावतो वहिनी. तिले वर्गात पाठवा."

"तिची रांग पाहा अन् तुमची पाहा. नागमोडी लावून राहिले."

"वाकडा लावला तरी धान सरळच येते."

मायने तोंड फिरवलं. सर रोवत राहिले आणि रोवता रोवता बोलायला लागले. जर्मनीत एक गरीब बुवा होता. तिथे पाप माफ झाल्याच्या चिठ्ठ्या विकल्या जात.

"पापाची चिठ्ठी? अन् लोक इकत घेत?" मायला राहवेना.

"घेत ना जी."

"आपल्याकडं बी घेतेतच म्हना," माय म्हणाली. साऱ्या बाया हसल्या. हात चालत होते. त्या बुवाने धर्माच्या मोठ्या लोकांना जाब विचारला. पुस्तकं लिहिली. प्रकरण बादशहापर्यंत गेलं. भर दरबारात त्याला उभं केलं, पुस्तकं पुढ्यात मांडली आणि विचारलं, लिहिलेलं मागे घेतोस की नाही?

इथे सरांनी कंबर सरळ केली, बांधीच्या पाण्यात हात धुतले आणि सायकल उचलली.

"अवो सर! मंग? घेतलं का त्यानं मागं?"

"ते उद्या वर्गात सांगीन. पोरगी येऊन सांगेल तुमाले."

"लय पोचलेला मास्तर आहे," माय चुलीपुढे पुटपुटत राहिली. सकाळी तिनेच माझं दप्तर दारात आणून ठेवलं. "जाय. इचारून ये. पन आल्याबरोबर बांधीत पायजे."

मी परत येऊन सांगितलं, नाही घेतलं त्याने मागे. माय हातात पऱ्हे धरून उभीच राहिली. "नाही म्हनला? बादशहाच्या तोंडावर?" मग पुन्हा वाकत, "बादशहानं काय केलं मंग?"

मला ठाऊक नव्हतं. सरांनी तिथेच तास संपवला होता.

दोन वर्षं हेच चाललं. मी रोज अर्धी गोष्ट घरी आणायची आणि मायने उरलेल्या अर्धीसाठी मला परत पाठवायचं. बारावीनंतर बी.ए.ला तिनेच घातलं, बाबांशी भांडून. आज मी देवरीकडे एका शाळेत इतिहास शिकवते. हे सगळं त्या नागमोडी रांगेमुळे झालं, हे मी सरांना कधी नीट सांगितलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

गेल्या दिवाळीनंतर, धानकापणीच्या दिवसांत, सर अंथरुणाला खिळले. नवे तांदूळ घेऊन माय आणि मी भेटायला गेलो. आवाज पार बसला होता. मायला पाहताच त्यांनी बोट ओलं केलं आणि खिडकीकडे धरलं.

"वारा आहे वहिनी. जहाजाची सांगतो."

पाच जहाजं निघाली. पृथ्वीला वळसा घालायला. महिनोन्‌महिने जमीन दिसली नाही, अन्न संपलं, माणसांनी कातडं भिजवून खाल्लं. पुढे एका बेटावर लढाई झाली आणि त्यांचा म्होरक्याच मारला गेला. इथे सरांना धाप लागली.

"मंग?" माय म्हणाली.

सर हसले. माझ्याकडे बोट केलं. "पोरगी सांगेल."

आठवडाभरात सर गेले. त्यांच्या घरून परतताना माय पुढे चालत होती. आमच्या बांधीशी आलो तशी ती धुऱ्यावर थांबली. धान कापून झालं होतं, नुसती खुंटं उभी होती.

"म्होरक्या तं वाटेतच मेला," ती म्हणाली. "मंग जहाजांचं काय झालं व?"

"एकच वापस आलं माय. पाचातलं एक."

तिने वाकून एका खुंटावरून हात फिरवला.

"आलं ना पन," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून घराकडे चालू लागली.