दाजींची मागची गाडी

आमचे दाजी भर दुपारी दिवे लावून गाडी चालवायचे. समोरून येणारा प्रत्येक जण त्यांना खूण करायचा. कुणी हाताचा पंजा उघडमीट करून दाखवी, ट्रकवाले आपले दिवे मिचकावत, मोटारसायकलवरची पोरं ओरडत जात, "काका, लाईट चालू हाय!" दाजी स्टिअरिंगवरून हात उचलून प्रत्येकाला नमस्कार करत आणि दिवे तसेच ठेवत. मी विचारलं तर म्हणाले, "सांगणारा भल्याचं सांगतो, म्हणून नमस्कार. बंद करायचे का नाय, ते त्याला कशाला इचारायचं?"

जीपच्या मागं एक बुटकी, पांढरी, खिडक्यांची गाडी जोडलेली असे. नाव ट्रेलर, पण घरात सगळे तिला 'मागची गाडी' म्हणायचे. आत एक पलंग, चहापुरता ओटा आणि पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या. त्या बॅटऱ्यांवर माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, ऑक्सिजनचं मशीन चालायचं. दाजी चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन त्यांनी ती गाडी स्वतः उभी केली.

का केली, हे सांगताना मी अडखळतो. आमच्याकडं पंचमीला भावानं मुऱ्हाळी म्हणून जायचं आणि बहिणीला माहेरी घेऊन यायचं, अशी रीत आहे. आमचं गाव वैजापूरच्या पुढं. अक्काची फुप्फुसं थकली, मशीन लागलं, तेव्हापासून मी दर पंचमीला फोनवर एकच सांगायचो, "गावात लाईटीचा भरवसा नाही अक्का, यंदा राहू दे." ते खोटं नव्हतं. पण तिला माझ्या दारात काही झालं तर, ही भीतीही त्यात होती. कोणती किती, ते मला आजही सांगता येत नाही. एका वर्षी फोन दाजींनी घेतला. "पाव्हणं, मुऱ्हाळी येत नसंल तर नका येऊ. आमी घरच घेऊन येतो."

पहिल्याच खेपेला फजिती झाली. दाजींचा हिशोब सरळ होता. जीप चालली की इंजिनावर जीपची बॅटरी भरते, तिथूनच जाड वायर मागं नेली की मागच्याही भरतील. गावात पोहोचले तर मागच्या बॅटऱ्यांचा काटा निम्म्याच्याही खाली. तेवढ्यात वीज गेली, मशीन कुरकुरायला लागलं. दाजींनी राखीव सिलिंडर लावला आणि अक्काला तशीच परत नेली. माझ्या बायकोनं केलेला चहा कपातच राहिला.

त्यानंतर दाजी भेटेल त्याला विचारत सुटले. कुणी म्हणालं वायर बारीक आहे, कुणी म्हणालं लांब आहे, कुणी म्हणालं बॅटऱ्याच खराब. दाजींनी वायर बदलली, बॅटऱ्या तपासून घेतल्या, फरक पडेना. "माणूस आजारी पडला की डॉक्टर तरी एक असतो," ते म्हणाले, "हिला तर सारं गाव डॉक्टर." शेवटी शहागंजातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं डोकं खाजवत सांगितलं, "दाजी, ये नई गाडियां लई शानी. अपना पेट भरा, के हाथ खींच लेते. पीछे वाला भूका बैठा तो बैठा. दिन में बी बत्ती जला के चलाव. गाडी को लगता, अबी काम बाकी है."

"पक्का?" दाजींनी विचारलं.

"पक्का तो बनानेवाले को मालूम. अपन अंदाजा बोल रे."

दिवे लावून चालवल्यावर काटा चढायला लागला. कधी भरभर चढे, कधी नुसता रेंगाळे. का, ते दाजींना कळलं नाही, मलाही नाही. पण त्यांची श्रद्धा बसली. काटा उतरलेला दिसला की ते मागची गाडी जोडून दौलताबादपर्यंत उगाच चक्कर मारून येत. अक्का नाकाला नळी लावून हसायची. "नोकरीत नाय लावले ते दिवे आता लावतायत," म्हणायची.

एका पंचमीला दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला मुऱ्हाळी म्हणून जाणं भाग पडलं. जीप मी चालवत होतो. शेजारी दाजी, काळा चष्मा लावून. मागच्या सीटवर अक्का, पायाशी छोटा सिलिंडर. दिवे अर्थातच लावलेले. रस्ताभर हात. मला दाजींसारखा नमस्कार जमेना, कानशिलं तापली. लासूरच्या अलीकडं एका टेम्पोवाल्यानं गाडी हळू करून खिडकीतून मान बाहेर काढली, "ओ साहेब, दिवे! दिवे!" त्याच्या शेजारचा फिदीफिदी हसला. दाजींना डुलकी लागलीय असं बघून मी हळूच दिवे बंद केले. नंतर कुणी हात केला नाही. किती बरं वाटलं मला!

गावात पोहोचलो तेव्हा काटा तळाला टेकलेला. तरी तोंडातून खरं निघेना. मी एवढंच म्हणालो, "परत फिरू या का?"

दाजींनी काट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "कुणी उतरायचं नाय. दिवे लावा आन् गाडी फिरवा गावातनं. भरंल तसं भरंल."

मग दिवस मावळेपर्यंत मी त्या दोन्ही गाड्या फिरवत राहिलो. शाळेवरून, मारुतीच्या पारावरून, पाझर तलावाच्या बांधापर्यंत आणि परत. पहिल्याच वळणाला अक्का म्हणाली, "काच खाली घे रे." हवा ओलसर होती, मी कुरकुरलो, तर तिनं स्वतःच काच उतरवली. लिंबाला बांधलेल्या झोक्याशी बायका जमल्या होत्या. एक ओरडली, "अक्के, वरात हाय का काय?"

"व्हय!" अक्का दम खात म्हणाली. "नवरा जुनाच हाय!"

तिच्या मैत्रिणी गाडीबरोबर चालत आल्या. कुणाची सून, कुणाचा नातू, कुठली विहीर बुजली, सगळं तिनं खिडकीतून विचारून घेतलं. त्या रात्री वीज गेली तरी मशीन सकाळपर्यंत नीट चाललं. सकाळी तिनं माझ्या दारात बसून दोन कप चहा घेतला.

परतल्यावर पंधरवड्यात तिच्या छातीत कफ झाला आणि दिवाळीच्या आधी ती गेली. मी डॉक्टरांना विचारलं, उघड्या खिडकीचा वारा बाधला असेल का? ते म्हणाले, "असेल. नसेलही. ही फुप्फुसं कशानंही बिघडली असती." त्या उत्तराचं काय करायचं, ते मला समजलं नाही. मी दिवे बंद केले नसते तर गाडी फिरवावी लागली नसती, काच उतरली नसती. आणि तिला गावही दिसलं नसतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकलो.

दाजीही गेल्या थंडीत गेले, त्यामुळं पुढचं ताडून बघायला कुणी उरलेलं नाही. अक्का गेल्यावर त्यांनी मागची गाडी फर्दापूरच्या एका चहावाल्याला देऊन टाकली, तेव्हा पोहोचवायला मी बरोबर होतो. परतताना, जीप हलकी झालेली असताना, मी त्यांना दिवे बंद केल्याचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "लोकांचे हात थांबले की. चष्म्यातनं तेवढं दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. तुमच्या बहिणीनं मागून खांदा दाबला. वळून बघतो, तर मान हलवून नको म्हणाली. तिला पक्कं ठाऊक, काटा खाली राहिला तर आपला नवरा गावभर फिरवणार."

"माझं मन राखायला सांगताय तुम्ही हे."

आजवर दाजी मला थट्टेनं का होईना, पाव्हणं आणि तुमी म्हणत आले होते.

"साऱ्या संसारात तिनं एक गोष्ट गुपचूप मागितली," ते म्हणाले. "ती म्या दिली. त्यात तू कुठनं आलास?"

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखंही.